पाडव्याला, सागरमाळावर

डॉक्टर इंगवल्यांनी दिवाळीच्या तोंडावर
चिठ्ठीत लिहून दिलं : चालणे, पंचेचाळीस मिनिटे.
खाली लिहिलं, फराळ.
त्याच्यापुढं काहीच नाही,
नुसती एक आडवी रेघ.
मी चार दिवस त्या रेघेचा अर्थ लावत बसलो.

शालन म्हणाली, रेघ म्हणजे वजाबाकी.
आणि बेसनाचे लाडू माळ्यालगतच्या फळीवर गेले.
टाचा उचलून हात वर ताणणं
हाही व्यायामच की, मी म्हटलं.
ती हसली नाही.

चतुर्दशीच्या पहाटे
कानात तेल, अंगाला उटण्याचा वास,
तसाच रंकाळ्यावर गेलो.
रोजचे चालणारे निम्मेसुद्धा नव्हते.
संध्यामठाच्या अंगाला, बाकावर
दोन गृहस्थ चालण्याचे फायदे बोलत बसले होते.
मधे चिवड्याची पुडी.

परत येताना गंगावेशीत
कट्ट्यावर म्हैस पिळणं चाललेलं.
फेसाळ ग्लासानं माझ्याकडं बघितलं,
मी ग्लासाकडं.
पुढं निघून आलो.
(हे घरी सांगितलं नाही.
आदल्या दिवशी थांबलो होतो, तेही निघालं असतं.)

तालमीत भैरू वस्ताद, वय एकोणऐंशी,
आखाड्यात ताक आणि हळद शिंपत होते.
आज सणाचं, वस्ताद?
"मातीलाबी दिवाळी असती की रं.
तू किती जोर मारतोस?"
मारायचो पन्नास, मी म्हणालो.
"मारायचो म्हणालास न्हवं,
तितंच पोट सुटलं बघ तुझं."

मग पाडवा. सागरमाळावर ही गर्दी.
शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं,
गळ्यात कवड्या, पायात चांदीचे तोडे,
आणि शिवाप्पा गवळ्याची हरणी
साडेपाचशे किलोची,
नावाला जागून
पुंगळी काढलेल्या मोटारसायकलमागं
अशी सुटली
की धुळीनं पोरांचे नवे कपडे एका रंगाचे झाले.
तिला कुणी मिनिटं लिहून दिली नव्हती.
तिनं फक्त धन्याची हाळी ऐकली होती.

माझे पाय कधी सुटले कळलं नाही.
अकरा पावलं असतील, फार तर पंधरा.
मग गुडघ्यांवर हात, तोंडात धूळ, आणि हसू आवरेना.
मागं वळून बघतो तर
शालन,
पदर खोचलेला, एक चप्पल हातात,
माझ्यापेक्षा चार पावलं कमी किंवा जास्त,
यावर आमचं अजून एकमत नाही.

घरी आल्यावर तिनं स्टूल घेतलं,
एक लाडू काढला, चिठ्ठी समोर धरली.
रेघेच्या वर एक लिहिलं, खाली दोन.
"भागाकार असंल," म्हणाली,
आणि थोरला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

रात्री पोटऱ्या ठणकत होत्या.
किती वर्षांनी
त्या आपल्याला आहेत हे कळलं.