चौथा नोझल

सांवेरच्या अलीकडे आमचं सात एकर सोयाबीन.
पेरून एकोणीस दिवस झाले, तेव्हा हेरंबने
उकिडवं बसून तणाची पानं मोजली:
दोन, तीन, कुठे चार.
म्हणाला, आजच. पुढच्या आठवड्यात हे औषधाला दाद देणार नाही.

भाड्याचा ट्रॅक्टर, चालवायला दुर्गेश,
मागे आठ तोंडांचा बूम.
इमाझेथापायर हे नाव मी वहीत
दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिलं.
खाली: वारा मंद, पश्चिमेचा.
शेजाऱ्यांचा भेंडीचा वाफा सांभाळणे.

सावा दहाव्या दिवशी पिवळा पडला.
शेंड्यापासून मरतं तण, सावकाश,
रुसून ताट सरकवलेल्या माणसासारखं.
सोयाबीनचाही रंग उतरला होता जरा,
मग सावरलं.

फक्त विहिरीच्या अंगाला, शेवटच्या फेरीत,
एक पट्टा राहिला.
चौथ्या नोझलमध्ये खर अडकली होती,
मोहरीहून बारीक.
हातभर रुंद, शंभर पावलं लांब,
त्यात केना, घोळ, तांदुळजा,
आणि केन्याची ती निळी फुलं,
दुपार झाली की दुकान बंद करणारी.

हेरंब पाठीवरचा पंप शोधत होता.
तेवढ्यात बांधावरून कंचनबाई आली.
दरसाल सहा बायका घेऊन खुरपायला यायची,
यंदा बोलावलं नव्हतं.
त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.
वाकली, ओच्यात खुडत गेली.
"यो म्हारो साग हे."

आमच्या मराठीत साग म्हणजे दाराची चौकट.
इतकी वर्षं मला वाटायचं,
खुरपलेलं ती शेळीला नेते.

मी म्हटलं, कडेचं घेऊ नका, मधलं घ्या.
हातभर पट्ट्याला मध्य तो कितीसा!
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग मधलंच घेतलं, एकेक पान,
सोनाराच्या दुकानात बसल्यासारखं.

पंप त्या दिवशी सापडला नाही.
तो कोठीत होता, मला माहीत होतं.

कापणीला मी हट्टाने तो पट्टा वेगळा मळला.
शेजारच्या तेवढ्याच पट्ट्यापेक्षा
पावणेदोन किलो कमी.
हेरंबने आकडा दोनदा वाचून दाखवला.
बरोबरच आहे त्याचं.

वहीत लिहून ठेवलंय:
पुढच्या जूनमध्ये नोझल आधी पाण्यावर चालवून बघणे.
आणि त्याच पानावर, पेन्सिलीने,
कंचनबाईला विचारणे,
केना उकडून घेतात,
की नुसताच चिरून?