सात नंबरचा हंस

त्या भिंतीपलीकडे आमचं घर होतं, खांबांवर.
तिथून जाकार्ताचा समुद्र फुकट दिसायचा,
वास तर नको म्हटलं तरी यायचा.
आज त्याच समुद्राचं तिकीट काढलं हेंद्रानं,
चारनंतरचं, स्वस्तातलं,
उरलेल्या पैशांत एक भाजलेलं कणीस, दोघांत.

मत्स्यालयात तो काचेला नाक लावून उभा.
"ही कुठली गं?"
मी नाव सांगितलं, भाव सांगितला,
काटे कुठून काढायचे तेही.
शेजारची शाळकरी पोरं
मासा सोडून माझ्याकडेच बघायला लागली.

मग तळ्यातला प्लास्टिकचा हंस, नंबर सात,
मान एका अंगानं उन्हात पिवळी पडलेली.
त्याच्या बाजूचं पायडल निखळलंय
हे मधोमध गेल्यावर कळलं.
मी एकटीच पाय मारतेय,
हंस जागच्या जागी गोल गोल,
तो सॉरी म्हणतोय, हसतोय,
पुन्हा पुन्हा खिसा चाचपतोय.

खिशात काय आहे ते मला ठाऊक आहे.
मंगळवारी त्याचा शर्ट आमच्या लॉन्ड्रीत आला
तेव्हा सराफाची पावती मीच वाळवली,
इस्त्री करून परत ठेवली.

काठावरून भोंगा:
"सात नंबर, वेळ संपली! सात नंबर!"
डोंगरातला माणूस, पोहता येत नाही,
हंसाची मान घट्ट धरून बसलाय.

मी पाय थांबवले.
बोल की, म्हटलं,
गुडघाभर तर पाणी आहे.