निनावे, दमडूजी

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या दवाखान्यात
कूलरच्या तोंडाशी माझं टेबल.
मे महिन्यात कागद उडायचे
म्हणून आम्ही सॉफ्टवेअर आणलं,
असं मी सगळ्यांना सांगते.
खरं म्हणजे प्रज्ञाशीलाचं अक्षर
फक्त प्रज्ञाशीलाला लागायचं.

आता निरोप टाईप होतो.
कोणाकडून, कोणाला, किती वाजता, तातडीचा की साधा.
खाली एक बारका चौकोन:
'रुग्णाच्या नोंदीत जतन करा.'
खूण केली तर निरोप राहतो जन्मभर.
नाही केली तर नव्वद दिवसांनी जातो,
दुपारच्या सड्यासारखा,
डागही न ठेवता.

मॅडम म्हणाल्या, नोंदीत फक्त वैद्यकीय.
साखर, दाब, गोळी, तारीख.
बाकीचं आपसात.

तर हे माझे सोमवारचे निरोप:
'दमडूजी निनावे, गोळीबार चौक. फोन सुनेचा.
तिने उचलला तर रिपोर्ट सांगू नये,
उद्या या, इतकंच म्हणावं.'
खूण नाही केली.
'डाव्या कानाशी बोलावं. उजवीकडे
चाळीस वर्षं पॉवरलूम होता.'
वैद्यकीय. बहुतेक.
'जिन्यात मध्येच थांबतात
आणि चपलेचा अंगठा नीट करतात.
अंगठा नीटच असतो.'
हे तर नक्की.
'मंगळवारीच बोलवावं, भाच्याचा ऑटो त्या दिवशी मोकळा.'
इथं बोट थांबलं माऊसवर.
मंगळवार कुठल्या रकान्यात बसतो?

प्रज्ञाशीला नोकरी लागून गडचिरोलीला गेली.
तिचं लॉगिन बंद झालं त्याच संध्याकाळी,
पण तिची सात कामं तिच्याच नावावर
उघडी राहिली, लाल.
ज्याचं काम त्यानेच संपवावं, असा नियम आहे यंत्राचा.
सहा मी करून टाकली, तरी लालच.
सातवं होतं: 'निनावेंना विचारणे.'
काय, ते लिहिलेलं नाही.
तिच्या अक्षरात असतं तर निदान
घाईत होती का, ते कळलं असतं.

जूनमध्ये कंपनीचा मुलगा आला पुण्याहून,
दुबार आणि रिकाम्या नोंदी काढायला.
तासाभराने म्हणाला, मॅडम,
या पेशंटचं नावच नाहीये,
नुसतं 'निनावे' लिहिलंय. उडवू का?
मी म्हटलं, थांब बे बाबू!
आडनाव आहे ते.
गोळीबार चौकात कोणालाही हाक मार निनावे म्हणून,
चार जण वळतील.
पोरगा कानापर्यंत लाल झाला.
मी त्याला माठातलं पाणी दिलं.

मंगळवारी दमडूजी आले. चपलेचा अंगठा नीट करून.
मी डाव्या बाजूला जाऊन विचारलं,
आमची प्रज्ञाशीला तुम्हाला काय विचारणार होती?
ते हसले.
'तिले माहं खरं नाव पाह्यजे होतं.
दमडू काहून, म्हणे.
माह्या आधी तीन झाले, तिन्ही गेले, दम लागून लागून.
मंग मायनं मले शेजारणीले दमडीत इकलं
अन् वापस घेतलं.
खरं नाव ठेवलंच नाही बाई.
ठेवलं असतं, त त्याच नावानं नेलं असतं.'

कूलर घरघरत होता.
मी टाईप केलं: तीन भावंडं, लहानपणी, दम लागून.
मॅडमच्या फॉर्मवर घराण्यातले आजार म्हणून रकाना आहे,
सहा वर्षं यांचा कोरा होता.
खूण केली.
त्याच झटक्यात दमडीवरही केली,
आणि मागे जाऊन मंगळवारवर.
मॅडम रागावतील तर रागावतील.

सातवं काम अजून लाल आहे.
प्रज्ञाशीलाला फोन करून सांगितलं,
ती म्हणाली, अगं, मी ते विसरूनच गेले होते.

पुढची तारीख: मंगळवार, अठरा.
फोन सुनेनेच उचलला.
मी म्हटलं, या.