श्रेयांक मिळाले असोत वा नसोत

सातव्या प्रश्नाशी अडले आहे.
‘यापूर्वी ज्या ज्या महाविद्यालयांत नाव नोंदवले असेल
ती सर्व लिहा,
श्रेयांक मिळाले असोत वा नसोत.’

असोत वा नसोत.
इतकं समजुतीनं
कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं मला.

रात्रपाळी. दोन वाजून गेलेत.
बारा नंबरच्या लाहती आजोबांची कूस बदलून झाली,
नऊ नंबरच्या बाईंचे दात पेल्यात ठेवले,
आता कॉफी, संगणक आणि मी.
बाहेर बर्फ निम्म्या खिडकीपर्यंत आलाय.
तो ढकलणारी गाडी पिवळा दिवा फिरवत जाते, परत येते,
जिथून गेली तिथंच पुन्हा साचलेलं असतं.

नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स. माझं वय एक्केचाळीस.
पहिले सहा प्रश्न साधे होते.
सातव्यातून दोन अक्षरांत सुटका आहे: नाही.
‘हो’ त्याहून छोटं,
पण त्याला टिचकी मारली की खाली आणखी एक रकाना उघडतो.

दोरीन म्हणते, लपवू नकोस बाई,
कुठंतरी यादी असतेच सगळ्यांच्या नावांची.
तिच्या भाचीला शेवटच्या सत्रात घरी पाठवलं.

मला यादीची भीती नाही.
मला बेडकाची भीती आहे.

अकरा आठवडे होते मी सरोवराच्या त्या टोकाला.
तिसऱ्या आठवड्यापासून वर्गात गेलेच नाही.
का, ते विचारू नका, मलाही धड सांगता येत नाही.
वसतिगृहाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत बसायचे,
ऊब असायची तिथं.
गोल काचेआड दुसऱ्यांचे मोजे गरगरताना बघायचे.
रविवारी आईला फोन. काय शिकवलं गं?
आणि मी सांगितलं: आज बेडूक चिरला.
हृदय एवढंसं, वाटाण्याएवढं. बराच वेळ उडत होतं.

आईनं तो बेडूक अख्ख्या गावाला दाखवला.
चर्चच्या कॉफीला, पोस्टात, सौनाच्या बाकावर,
आमच्या आयलानं, स्वतःच्या हातानं.
मी घरी परतले, बेकरीत लागले, लग्न झालं,
बेडूक तेवढा कॉलेजातच राहिला, शिकत.

परवा तिथल्या कचेरीत फोन केला.
गुणपत्रक अडकलंय, बाई म्हणाली, चाळीस डॉलर बाकी:
चिरफाडीच्या हत्यारांचा डबा परत आला नाही.
भरले. ती म्हणाली, विषय वाचून दाखवू?
नको म्हटलं. पाचही ओळींना एकच अक्षर आहे, ठाऊक आहे मला.

डबा कुठंय, तेही ठाऊक आहे.
आईच्या विणकामाच्या टोपलीत.
बावीस वर्षं ती त्यातल्या कात्रीनं लोकर तोडते.

मी ‘हो’ला टिचकी मारली.
रकाना उघडला: कारण लिहा, पाचशे अक्षरांत.
लिहिलं, ‘मी वर्गात जात नव्हते.’
चारशेहून जास्त अक्षरं उरली.
ती कशानं भरायची? मोज्यांनी?
तशीच राहू दिली.

सकाळी पाळी सुटल्यावर आईकडे गेले.
बूट दारात, ओल्या मोज्यांनीच स्वयंपाकघरात.
सांगून टाकलं, उभ्या उभ्या,
अर्जाचं आधी, बेडकाचं शेवटी.

तिनं फेरा पूर्ण केला. टाके मोजले.
मग ती कात्री खिडकीच्या उजेडात धरली,
उघडली, मिटली.
‘तरीच,’ ती म्हणाली, ‘मी म्हणायचे,
आणलीस तेव्हा एवढी कोरी कशी.’

आणि धागा तोडला.

नंतर कॉफी ओतता ओतता, पाठमोरी:
‘पण वाटाण्याएवढं असतं ना गं ते?
मी सगळ्यांना तसंच सांगितलंय.’

माहीत नाही, आई.
प्रवेश मिळाला तर बघून सांगते.