आईचं नाव

रिबकाचा फोन आला अश्दोदहून
तेव्हा मी उद्यमनगरात, लेथपाशी, कोपरापर्यंत ग्रीस.
म्हणाली, गुरुवारी ऐक्याचा दिवस पाळायचाय,
जगात जिथं जिथं आपली माणसं, तिथं तिथं.
नियम एकच, स्वतःसाठी मागायचं नाही.
चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी.
तुला आलीय दवोरा, नआमीची लेक.
मार्चपासून झोप नाही तिला.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहून घेतलं,
पाव इंची भोकाच्या मापाखाली.
कागदोपत्री बापाचं नाव लागतं आमच्यात,
दुखण्याखुपण्याला आईचं.

गुरुवारी पहाटे टोपी खिशात घालून निघालो.
घरी हिचा डोळा. आतला पडदा सुटलाय,
मिरजेची तारीख सोमवारची.
तेवढंच ओठावर यायचं,
गिळत गिळत गंगावेशीपर्यंत आलो.

कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या.
भैरू कागले धार काढत म्हणाला,
काय वाक्रुळकर, ओठ कशापायी हालत्यात?
सांगितलं. हसला नाही.
म्हणाला, मग आमच्या सुभानाला बी घ्या की त्यात.
गुडघा गेलाय तालमीत, आखाड्याकडं बघंना झालाय.
घेतो, म्हटलं. त्याच्या आईचं नाव सांग.

वीस वर्षं याच्याकडचं दूध पितोय,
याच्या म्हशींची नावं मला पाठ.
भैरूचा हात कासेवरच थांबला.
आक्काताई.
जाऊन सा वर्सं झाली.
मग पुन्हा, मला नव्हे, आक्काताई.
म्हशीनं मान वळवून बघितलं.

रंकाळ्यावर संध्यामठाच्या अंगाला टोपी घातली.
शेमा तेवढं येतं मला, बाकीचं बाबांबरोबर गेलं.
दहा माणसं लागतात.
इथं मी, आणि गळ टाकून बसलेलं एक पोरगं.
दवोरा बत नआमी, तिला झोप दे.
सुभाना बेन आक्काताई
(असलं नाव वर आजवर कुणी धाडलं नसेल)
त्याला मातीत उतरू दे.
हिचं नाव दातांमागे धरून ठेवलं.
जबडा दुखला, खोटं कशाला सांगू.

आमची चिठ्ठी कुणाला गेली, रिबकालाही ठाऊक नाही.
असेल कुणी दिमोनात, नाहीतर आणखी लांब,
खुर्ची मागे सारून उभा राहिलेला,
कागद दिव्याजवळ धरून वाचत असेल,
सेगुला, कमळाबाईची लेक.

तो ळ काही त्याला जमायचा नाही.
पुन्हा पुन्हा म्हणून बघत असेल.