हजेरी

शेवटची एसटी धरून मी आपशिंग्यात आले,
तेव्हा जोतिरामआबा ओट्यावर डब्याशेजारीच बसलेले.
जुना कॉम्प्युटर, पतसंस्थेच्या लिलावातला,
साउंडकार्ड त्याहून जुनं.
काचबिंदूनं दोन्ही डोळे नेलेत. पडदा त्यांना नकोच,
वाचून दाखवणारा आवाज हवाय.

"दुखणं कुठाय?"
"कर्नलमध्ये."
आबा असे हसले की कवळी हातात घ्यावी लागली.
"सव्वीस वर्षं सिग्नलमध्ये काढली, पोरी.
दुखणं कायम कर्नलमध्येच असायचं."

सांगितलं, हा सगळ्यांच्या आत बसतो,
आपलं कोण याची यादी ठेवतो.
तुमच्या कार्डाचं नाव त्यात नाही,
म्हणून ते वर्दीसकट दारात उभं आहे.

मग यादी वाचत गेले. प्रत्येकाला
हो, नाही, किंवा लागेल तेव्हा बोलवू.
"म्हणजे राखीव," आबा म्हणाले.
"आणि जे या घरात कधीच यायचे नाहीत
त्यांना सरळ नाही म्हण. उगा रेशन कशाला."

दहाला बांधणी सुरू. ओळी वर सरकत राहिल्या.
काकींनी भाकरी, घेवड्याची आमटी वाढली.
दोनदा लाइट गेली,
शेजारच्या इन्व्हर्टरवरून भिंतीपलीकडून वायर ओढली.
पहाटे चारला नवा कर्नल उठला.
कार्डाचं नाव आलं, क्रमांकासकट,
आणि स्पीकर गप्प.

मी परत यादी उघडली. इथं चुकलं असेल. नाही.
मग इथं. नाही.

"थांब. परत चालू कर."
केलं.
"टक् झालं."
मला काही ऐकू आलं नाही.
"तुला दिसतंय ना, म्हणून.
कळीवर बोट ठेवून उचलावं तसं झालं.
गडी ठाण्यावर पोचलाय.
बोलायची परवानगी नाही अजून."

मिक्सर उघडला. सगळे खांब तळाला,
प्रत्येकाच्या पायाशी मुकेपणाची खूण.
नवे येतात तेच असे, तोंड बांधून.
आणि हे मला माहीत होतं!
पोवई नाक्यावर एवढंच सांगायचे
मी शंभर रुपये घेते.

एक कळ दाबली.
खरखर. मग नाकातला, सपाट आवाज:
"रिकामी ओळ."

"कुठल्या गावचा गं हा?"
उत्तराला न थांबता आबांनी बोटं पुढं केली,
कीबोर्डाच्या कडा चाचपल्या,
एक कळ दाबली.
"ज," आवाज म्हणाला.
आबा थांबले.
पुन्हा तीच दाबली.
"ज."