आत ओढलेला होकार

तीस वसंत मी मेंढ्यांच्या कासा चाचपत आले,
सान्दोय बेटावर, गुडघे गार चिखलात रुतवून.
बोटांनाच कळतं: इथे दूध, इथे दाह,
इथे नुसतीच दडी मारून बसलेली गाठ.
हानुस म्हणायचा, मार्युनच्या बोटांना डोळे आहेत.

आणि स्वतःच्या डाव्या काखेशी
वाटाण्याएवढं काहीतरी
किती महिने बसून होतं, कोण जाणे.
काखेत कळसा.
सापडलं तेही साबण निसटला म्हणून.

तोर्शहाव्नच्या इस्पितळात
दोन थंड पट्ट्यांमध्ये छाती दाबली,
गठ्ठा बांधताना लोकर दाबतो तशी.
मग सुई. ती खटकन वाजते,
कानाला खूण करायच्या चिमट्यासारखी.
मी दचकले. मेंढ्या इतक्या दचकत नाहीत.

निकालाचा फोन आला तेव्हा बटाटे काढत होते.
चिखलाच्या हातानेच घेतला.
तो चिखल अजून फोनच्या कडेला आहे.
ठेवायचा असं काही ठरवलेलं नाही,
पुसायचा राहून गेलाय.

ऑपरेशनआधी निळा रंग टोचला.
तो आपली वाट काढत जातो म्हणे
काखेतल्या पहारेकरी गाठीपर्यंत,
आणि पहारेकरी फितूर आहे का ते कळतं.
नव्हता.
दोन दिवस लघवी हिरवट निळी.
बहिणीला फोन करून सांगितलं.
सोल्व्हा हसत सुटली,
हसता हसता तिचा आवाज कुठेतरी अडखळला,
आणि फोन न ठेवता
आम्ही दोघी बराच वेळ गप्प राहिलो.

कडा स्वच्छ आहेत, डॉक्टर म्हणाली.
मला एकच कडा माहीत, आमच्या पश्चिमेचा,
जिथून दरवर्षी एखादं कोकरू जातं.
तिला म्हणायचं होतं, काढलेल्या तुकड्याच्या कडा.
मी मान हलवली. तरी दोन रात्री
तोच दिसत होता, खाली पांढरा समुद्र.

किरणांचं यंत्र आमच्या बेटांवर नाही.
धुक्याने विमान एक दिवस अडवलं,
मग कोपनहेगन:
सपाट, सायकलींचं, बघायला डोंगर नाही
म्हणून नजर कुठे ठेवावी कळत नाही.

पहिल्या दिवशी अंगावर तीन ठिपके गोंदले,
तिळाएवढे, निळे, कायमचे.
आमच्या प्रत्येक मेंढीच्या कानाला
मालकाची खूण असते.
मी आता कोणाच्या कळपातली?
विचारलं नाही. त्या पोरीला
सकाळपासून चौदा जणींना झोपवायचं होतं.

तिचं नाव सिग्ना.
डाव्या बाजूला हृदय आहे, ती म्हणाली,
छाती भरून श्वास घेतला की ते मागे सरतं,
किरणांच्या वाटेतून बाजूला होतं.
तेव्हा घ्या. आणि धरा.

बावन्न वर्षांत मला कोणी
हृदय बाजूला करायला शिकवलं नव्हतं.

दार जाड. सगळे बाहेर.
भिंतीतून सिग्नाचा आवाज: घ्या.
वीस सेकंद. बावीस.
यंत्र गुणगुणत माझ्याभोवती फिरतं,
काही दुखत नाही, हेच विचित्र.
सोडा.
पुन्हा.

आमच्याकडे 'हो' बाहेर सोडत नाहीत,
आत ओढतात, श्वासावर, जवळजवळ न ऐकू येणारा.
परके लोक घाबरतात,
त्यांना वाटतं, बाईला धाप लागली.
चौथ्या दिवशी लक्षात आलं,
त्या टेबलावर उताणी पडून मी
दर वेळी तेच करत होते.
कशाला हो म्हणत होते, ते मला विचारू नका.

त्वचा भाजल्यासारखी लाल झाली.
दुपारी तीनला अंगातून जीव निघून जायचा
आणि साडेपाचला परत यायचा, कधी यायचा नाही.
गोळ्या पाच वर्षं घ्यायच्या आहेत.
पुढे दर वर्षी त्या दोन थंड पट्ट्या.
बरी झालीस का, असं लोक विचारतात,
त्याला एका शब्दाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

पंधरावा दिवस झाला.
संध्याकाळी हानुसचा फोन.
मागे वारा, कुत्रा भुंकतोय,
दाराची कडी कोणीतरी लावत नाहीये.
शनिवारी एडके सोडायचेत, तो म्हणाला,
येतेस ना?

मी श्वास आत ओढला,
आणि सवयीने
थोडा जास्तच वेळ धरून ठेवला.